मूकनायक सुरू करून पाच महिन्यांत बाबासाहेब लंडनला का गेले?

पोखर्णीचा एक तरुण मागच्या महिन्यात आमच्याकडे येऊन बसला होता. परभणी-परळी रेल्वेमार्गावरचे, नृसिंहाच्या मंदिरामुळे सगळ्यांना माहीत असलेले हे गाव. सकाळच्या गाडीने परभणीला यायचे, दिवसभर लायब्ररीत बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे, हा त्याचा नेम. बी.ए. झालेले आहे. एम.ए.साठी बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात जायचे म्हणून सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा त्याने एकदा दिली आणि गुण कमी पडले. आता दुसऱ्यांदा तयारी चालू आहे.

पहिल्या वेळी गुण का कमी पडले, हे परभणी जिल्ह्यात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर बंद, मोर्चे, धरपकड. 15 डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्या हिवाळ्यात पुस्तक उघडून बसणे किती जणांना जमले असेल? या मुलालाही जमले नाही. तो मोर्चात होता, धरण्यावर होता, निवेदने लिहून देत होता. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि जे व्हायचे ते झाले.

आता त्याची अडचण वेगळीच आहे. अभ्यासाला बसला की आपण चळवळीला फसवतो आहोत असे त्याला वाटते. बैठकीला गेला की घरच्यांना फसवतो आहोत असे वाटते. आम्ही त्याला तेच सांगितले जे आपण सगळे सांगतो. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, तूही कर. त्याने ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला की हे तो शाळेपासून दर 14 एप्रिलला ऐकत आला आहे आणि दर वेळी त्याला स्वतःचीच लाज वाटते, अभ्यास मात्र वाढत नाही.

आमच्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हते. नंतर बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढून बसलो तेव्हा लक्षात आले की आपण त्यांच्या विद्यार्थीदशेचा एकच भाग सांगतो. न्यूयॉर्कचे ग्रंथालय सांगतो, लंडनचे ग्रंथालय सांगतो. या दोन्हींच्या मध्ये जी तीन वर्षे गेली, ज्यात अभ्यास अर्धवट सुटला होता, हातात पैसे नव्हते, अपमान झाला होता आणि चळवळ हाक मारत होती, ती वर्षे आपण दोन वाक्यांत उरकतो. पोखर्णीच्या मुलाला तीच वर्षे सांगायला हवी होती. म्हणून हा लेख.

सुरुवातीचा भाग आपल्या वाचकांना पाठ आहे, तरी थोडक्यात घेऊ. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्म. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई लहानपणीच गेल्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत पहिली इंग्रजीच्या वर्गात नाव दाखल झाले. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मग मुंबई, परळच्या चाळीतली एक खोली आणि एल्फिन्स्टन हायस्कूल. एकाच खोलीत सगळे कुटुंब, चूल तिथेच, जाते तिथेच. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून सुभेदारांनी एक युक्ती काढली होती. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत, सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवून त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. मग पहाटेपर्यंत चिमणीच्या उजेडात वाचन चाले.

ही गोष्ट आपण मुलाच्या जिद्दीची म्हणून सांगतो. आम्हाला ती बापाचीही वाटते. रोज रात्री दोनपर्यंत जागे कोण राहत होते, तेही पाहावे.

1907 मध्ये मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्याच केळुसकरांच्या प्रयत्नाने पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. कॉलेजातले एक वर्ष आजारपणात गेले. हे फारसे कुणी सांगत नाही, पण 1907 चे मॅट्रिक आणि 1912 चे बी.ए. यांच्यात मोजून पाहिले की ते वर्ष दिसते. आपल्याकडे एक वर्ष वाया गेले की पाहुणेरावळे मुलाचे नाव टाकतात. असो.

बी.ए. नंतर बडोद्यात नोकरी धरली आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार गेले. त्या वेळी बाबासाहेब 21 वर्षांचे होते. त्याच वर्षी 4 जून रोजी त्यांनी बडोदा सरकारशी करार केला. परदेशी शिक्षणाचा खर्च संस्थान देईल, शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. जुलै 1913 मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

तिथले पहिले काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले, असे चरित्रकार लिहितात. ज्या मुलाला जन्मभर पाणवठ्यावर हटकले, त्याला पहिल्यांदाच कुणी जात न विचारता शेजारी बसवून घेतले होते. थोडा काळ मन रमले असेल तर त्यात आश्चर्य काय? पण मग ते भानावर आले आणि कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरले ते शिरलेच. 1915 मध्ये एम.ए. झाले. 9 मे 1916 रोजी भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध तिथल्या परिसंवादात वाचला गेला. पीएच.डी.चा प्रबंधही तयार झाला. इथेच नवल भथेना या पारशी तरुणाशी मैत्री झाली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1916 च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्येही नाव घातले. एकाच वेळी अर्थशास्त्र आणि कायदा. वर्षही पुरे झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत या, असे बडोद्याहून कळवण्यात आले.

आपल्या मुलाची गोष्ट इथून सुरू होते.

अभ्यास अर्धा, पदवी हातात नाही, पैसे संपलेले आणि महायुद्ध चालू. अशा वेळी बाबासाहेबांनी जाण्याआधी एक काम केले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे नेता येईल. पैसे कुठून येतील हे माहीत नव्हते. परत येता येईल की नाही हेही माहीत नव्हते. पण दार बंद होऊ दिले नाही, आणि ते कोणत्या तारखेपर्यंत उघडे राहील ते कागदावर लिहून घेतले.

आम्हाला वाटते, या एका कागदाने पुढच्या तीन वर्षांत जे केले ते कोणत्याही प्रेरणादायी भाषणाने केले नसते. मन कधी उभारी धरते, कधी बसते. तारीख तिथेच असते. आपली मुले वर्ष गेले की फॉर्मच भरायचे सोडतात. सध्या मन नाही, पुढे बघू, असे म्हणतात. पुढे बघायला पुढची तारीख तरी हातात असावी लागते.

बाबासाहेब परत निघाले ते खुष्कीने फ्रान्समधील मार्सेलपर्यंत आणि तिथून बोटीने. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने येत होते. त्या बोटीला टॉर्पेडो लागला आणि ती बुडाली. त्यात त्यांची पुस्तके गेली. पुस्तक म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्यालाच हा घाव कळेल. पोटाला चिमटा काढून जमवलेला संग्रह समुद्राच्या तळाशी गेला होता. 21 ऑगस्ट 1917 रोजी ते मुंबईला पोहोचले. सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून 600 रुपये मिळाले आणि त्याच पैशांवर ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले.

बडोद्यात काय झाले हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने उतरले. रोजचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेला मोठा दिवाणखाना, विजेचा दिवा नाही, सोबतीला माणूस नाही. कंदिलाच्या उजेडात पुस्तक घेऊन बसायचे आणि आपण कुठे आहोत ते विसरायचा प्रयत्न करायचा. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकत. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन वर आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडे ते गेले. दोघांनीही आपापल्या घरची अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्रीची. मधला काही वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला.

23 सप्टेंबर 1917 हा तो दिवस म्हणून आपण संकल्प दिन पाळतो. त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो. हजारो लोक तिथे जातात, जावेच. पण संकल्पाचे पुढे काय झाले, हे त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. कारण 24 सप्टेंबरला सकाळी बाबासाहेब परळच्या चाळीत होते, नोकरी गेलेली होती, घरात बायको, मूल, थोरल्या भावाचा संसार. एवढी मोठी परदेशी पदवी घेऊन आलेला माणूस आणि खिशात काही नाही.

त्या काळात त्यांनी काय केले? शिकवण्या घेतल्या. एका पारशी गृहस्थाच्या हिशेबाचे काम केले. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याची पेढी काढली. सुरुवातीला गिऱ्हाईक येऊ लागले, मग सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक बंद झाले. पेढीही बंद झाली.

आणि या सगळ्यात ते लिहीत होते. 1918 मध्ये भारतातील तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर त्यांचा अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. शेतीचा तुकडा लहान म्हणून शेतकरी गरीब, असे त्या काळी सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी दाखवले की नुसता तुकडा मोठा करून काही होत नाही. शेतीवर अवलंबून असलेली जादा माणसे उद्योगात गेल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. परभणीच्या कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या, दोन-अडीच एकरांवर घर चालवणाऱ्या आपल्या लोकांना हा लेख आजही वाचता येईल. त्याच वर्षी बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावरचे परीक्षणही आले. विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही, पदवीत या लेखांचे गुण धरले जाणार नाहीत. तरी लेखणी थांबली नाही. अभ्यास सुटलेला असताना अभ्यासाची सवय सुटू न देणे म्हणजे काय, ते इथे दिसते. अठरा तास नव्हते. शिकवण्या आणि हिशेबाच्या वह्या यांच्यातून जे उरत होते ते होते.

नोव्हेंबर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती नोकरी लागली. पगार दरमहा 450 रुपये. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी कुरकूर काही सहकाऱ्यांनी केली. मुलांना मात्र त्यांच्या शिकवण्याची अशी गोडी लागली की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थी तासाला येऊन बसत. त्या काळी 450 रुपये म्हणजे चैनीत राहण्याइतका पगार. बाबासाहेब पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीतच राहिले. रमाईंच्या हाती घरखर्चापुरते देऊन बाकीचे बाजूला टाकू लागले. लंडनची तारीख ऑक्टोबर 1921 ची होती आणि पैसे साठवायला तेवढाच अवधी होता.

रमाईंविषयी आपण गाणी गातो. त्या घरखर्चाच्या रकमेत त्यांनी महिना कसा काढला असेल याचा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. घरात शिकणाऱ्या मुलामागे कोणीतरी असा हिशेब मांडत असते.

इकडे काळ बदलत होता. मतदानाच्या हक्काची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे 27 जानेवारी 1919 रोजी त्यांनी साक्ष दिली. अस्पृश्यांच्या वतीने स्वतंत्र मांडणी करणारा, शिकलेला, निर्भीड माणूस लोकांसमोर आला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज स्वतः त्यांना भेटायला चाळीत गेले. महाराजांनी 2500 रुपये दिले आणि 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक निघाले. टिळकांच्या केसरीने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. भर परिषदेत शाहू महाराजांनी सांगून टाकले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. मे अखेरीस नागपूरची परिषद. इतकी वर्षे मुका असलेला समाज बोलू लागला होता आणि सगळ्यांचे डोळे एका माणसाकडे लागले होते.

त्या माणसाने मार्चमध्येच सिडनहॅमचा राजीनामा दिला होता. जुलै 1920 मध्ये तो लंडनच्या बोटीत बसला.

आज कुणी असे केले तर आपण काय म्हणू? आपणच म्हणू. समाज पेटून उठला आहे आणि साहेब डिग्री घ्यायला परदेशी चालले. वर्तमानपत्र पाच महिन्यांचे पोर, ते टाकून गेले. स्वतःचे करिअर बघितले. गावातल्या कट्ट्यावर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ही भाषा आपण रोज ऐकतो, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ती कधीमधी वापरली आहे. पोखर्णीच्या मुलाच्या मनात जो सल आहे तो त्याने आपल्याआपण तयार केलेला नाही. बैठकीला न आलेल्या मुलाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तिथून तो आला आहे.

बाबासाहेबांच्या जाण्याने काही नुकसान झाले नाही, असे म्हणणे खोटेपणा होईल. नुकसान झाले. मूकनायकाची घडी विसकटली, चालवणाऱ्यांत मतभेद झाले आणि 1923 पर्यंत ते बंदच पडले. लंडनहून पत्रे लिहून जेवढे सांभाळता येईल तेवढे ते सांभाळत होते. घरची आणि इकडची खबरबात सीताराम शिवतरकर मास्तरांना पत्रे लिहून घेत होते. पण समुद्रापलीकडून वर्तमानपत्र चालत नाही. हे त्यांनाही जाताना दिसत असणारच. तरी गेले. आमच्या समजुतीप्रमाणे त्यांचा हिशेब असा होता की पुढे ज्या लढाया येणार आहेत त्या कायद्याच्या आणि अर्थकारणाच्या मैदानावरही लढाव्या लागतील आणि तिथे अर्धवट शिकलेल्या माणसाला कोणी उभे करणार नाही.

पैसे कसे जमले तेही पाहू, कारण आपल्याकडे गाडे इथेच अडते. पगारातली शिल्लक होती. नवल भथेना यांनी 5000 रुपये उसने दिले. शाहू महाराजांनी 1500 रुपये दिले. पुढे लंडनमध्ये तंगी आली तेव्हाही बाबासाहेबांनी मागायला लाज धरली नाही. ज्याने बडोद्यात कुणापुढे मान खाली घातली नाही, त्याने मित्राकडे आणि महाराजांकडे शिक्षणासाठी पैसे मागताना कमीपणा मानला नाही. आज स्वाधार योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, पुण्याला बार्टी आहे. त्यांचे पैसे वेळेवर येत नाहीत, ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण कितीतरी मुले अर्जच करत नाहीत. आपल्यापेक्षा गरजू कोणीतरी असेल, असे वाटते. लाजही वाटते.

लंडनमधली पुढची वर्षे सगळ्यांना माहीत आहेत. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा, चहा. दुपार बहुधा उपाशी. रात्री कुणी दिलेले पापड भाजून खायचे आणि वर पुन्हा पुस्तक. भाडे वाचवायला पायी चालायचे. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. अठरा तासांची गोष्ट इथली. ती खरी आहे. फक्त तिच्या अलीकडे तीन वर्षांची वाट पाहणे होते, हे विसरू नये. ज्याला तीन वर्षे ग्रंथालय मिळाले नव्हते तो ग्रंथालयातून उठेल कसा?

1921 च्या जूनमध्ये एम.एस्सी. झाली. 1922 च्या जूनमध्ये बॅरिस्टर. त्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराज गेले आणि मोठा आधार तुटला. जर्मनीत बॉन विद्यापीठात शिकायचाही बेत होता, नावही घातले होते. तो तडीला गेला नाही. सगळे बेत तडीला जात नाहीत, त्यांचेही गेले नाहीत.

ऑक्टोबर 1922 मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. आणि मार्च 1923 मध्ये तो परत आला. परीक्षकांनी पुन्हा लिहून द्यायला सांगितले होते. इंग्रज सरकारने रुपयाचे व्यवहार कसे केले आणि त्याचा भार कोणावर पडला, याची चिरफाड त्यात होती आणि ती काहींना झोंबली, असे म्हणतात. कारण काहीही असो, प्रबंध टेबलावर परत पडला होता. आणि लंडनमध्ये राहायला पैसे नव्हते.

दहा वर्षे झाली होती न्यूयॉर्कला उतरून. बत्तीस वर्षांचे वय. आपल्या भाषेत सांगायचे तर अटेम्प्ट वाया गेला होता.

ते मुंबईला परतले. त्याच चाळीत, त्याच संसाराच्या गलबल्यात बसून प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणीत हवा तो बदल केला, निष्कर्ष सोडले नाहीत, आणि बोटीने लंडनला पाठवून दिला. त्याच वेळी वकिलीची सनद घ्यायची होती आणि तिची फी भरायला पैसे नव्हते. पुन्हा नवल भथेनाच धावून आले. 1923 संपायच्या आत प्रबंध मान्य झाला आणि डिसेंबरमध्ये पुस्तकरूपाने आला. कॅनन यांना त्यातली काही मते मान्य नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. पुस्तक बाबासाहेबांनी आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केले. रात्री दोनला उठवणारा बाप जाऊन दहा वर्षे झाली होती.

कोलंबियाच्या पीएच.डी.ची गोष्ट तर याहून लांबली. प्रबंध कधीच मान्य झाला होता, पण नियम असा की तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी नाही. छापायला पैसे कुठले? शेवटी 1925 मध्ये तो ग्रंथ निघाला, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला. पदवी मिळाली 8 जून 1927 रोजी. तारीख नीट पाहा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह 20 मार्च 1927 चा. म्हणजे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा बाबासाहेबांच्या हातात कोलंबियाची पीएच.डी. अजून यायची होती. आधी पूर्ण शिकून घ्या आणि मग चळवळीत या, किंवा आधी चळवळ आणि शिक्षण नंतर, असा सरळ हिशेब त्यांच्या आयुष्यात कुठेच दिसत नाही. कधी एक पुढे गेले, कधी दुसरे. 1920 मध्ये अभ्यासाची पाळी होती. 1927 मध्ये तळ्याची होती.

त्या पदव्यांचे पुढे काय झाले? 1925 मध्ये चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. 1926 मध्ये पुण्याच्या 'देशाचे दुश्मन' खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या पुढाऱ्यांची बाजू त्यांनी न्यायालयात मांडली. चवदार तळ्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयातून आपल्या बाजूने लागला तो 17 मार्च 1937 रोजी. तळ्यावर एक दिवस आणि कोर्टात दहा वर्षे. ग्रेज इनची सनद तिथे कामाला आली.

आणि एक गोष्ट आपल्या मराठवाड्याची. निजामाच्या राजवटीत इथल्या मुलाला पदवीचे शिक्षण घ्यायचे तर बहुधा हैदराबादच गाठावे लागे. आपल्या मुलाला तिथे पाठवण्याची ऐपत आपल्या समाजात कुणाची होती? सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि दोन वर्षांच्या आत, 1950 मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज सुरू केले. तेच मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनात वसतिगृहे उभी राहिली. बडोद्यात एका रात्रीची जागा ज्याला मिळाली नव्हती, त्याने मराठवाड्यातल्या पोरांसाठी राहण्याची सोय आधी बघितली. परभणी, नांदेड, बीडकडची कितीतरी पहिल्या पिढीची मुले तिथे शिकली. पोखर्णीहून परभणी आणि परभणीहून मनमाडकडे जाणारी गाडी धरली की औरंगाबाद. या गाडीने पत्र्याची पेटी घेऊन गेलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत. गावात कोणी असेल तर मुलांनी त्यांना जाऊन विचारावे, पहिल्या वर्षी घरची आठवण आली तेव्हा काय केले म्हणून.

आम्ही त्या मुलाला पुन्हा बोलावले आणि हे सगळे सांगितले. तो बराच वेळ 1917 च्या कागदाविषयीच विचारत होता, ती चार वर्षांची मुदत नेमकी कशी मिळवली, कोणाला अर्ज केला, वगैरे. मग त्याने स्वतःचा फॉर्म दाखवला.

त्याची परीक्षा मार्चमध्ये आहे. तोपर्यंत बैठकांच्या यादीत त्याचे नाव घालायचे नाही, असे आमच्यात ठरले आहे. निवेदने लिहायचे काम दुसऱ्या दोघांनी वाटून घेतले आहे. एकाचे अक्षर वाईट आहे, पण चालेल. 14 एप्रिलच्या मिरवणुकीची तयारी मात्र परीक्षा झाल्या दिवसापासून त्याच्याकडे आहे.